खुंटीवरची गुळवेल

शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत, कुडाच्या भिंतीतल्या खुंटीला हातभर लांबीचा आणि अंगठ्याएवढ्या जाडीचा एक तुकडा टांगलेला होता. लांबून पाहिलं तर जुनं दोरखंडच वाटावं. साल मातकट, कागदासारखी सुटलेली. घरातल्या आजीने तो होळीच्या सुमारास रानातून आणला होता. काढ्याला लागेल तसा कापायचा, म्हणून तिथेच अडकवला होता. आता आषाढ लागला होता. चार महिने त्या तुकड्याला ना माती मिळाली होती, ना कुणी पाणी घातलं होतं. तरी वरच्या पेरातून नखाएवढं कोवळं पान बाहेर आलं होतं आणि खालच्या बाजूने शिवणाच्या दोऱ्यासारखं एक मूळ जमिनीच्या दिशेने लोंबत होतं. आजीने अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत हिरवागार रंग.

"मरत न्हाय ही," ती म्हणाली. "टांगली तरी न्हाय."

यंदाच्या अंकाचं सूत्र 'आधार' असं ठरलं, तेव्हा वेलींचा विषय आपसूकच पुढे आला. दुसऱ्याच्या खांद्यावर चढून आभाळ गाठणाऱ्या वेली सह्याद्रीत पुष्कळ आहेत. पण गेल्या काही वर्षांत जिच्यावर औषध कंपन्या, वैद्य, डॉक्टर, बागायतदार आणि आदिवासी अशा सगळ्यांची एकाच वेळी नजर खिळली, ती गुळवेलच. म्हणून शोधाची सुरुवात मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या या वाडीपासून झाली.

नावात गूळ, जिभेवर कडू

गुळवेलीच्या नावात गूळ आहे, पण तिचा तुकडा चावला तर कडवटपणा बराच वेळ जिभेवरून जात नाही. हा गूळ आला संस्कृतातल्या 'गुडूची'वरून. रक्षण करते ती गुडूची, असा त्याचा अर्थ लावतात. अमृता हे तिचं दुसरं नाव. राम-रावण युद्धात पडलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडलं, त्यांच्या अंगावरून जे थेंब जमिनीवर पडले तिथे ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशात आहे.

कथा बाजूला ठेवली तरी जुन्या निघंटूकारांनी तिला दिलेली बाकीची नावं वाचताना त्यांच्या नजरेचं कौतुक वाटतं. छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा उगवणारी. आजीच्या खुंटीवर जे दिसत होतं, ते या एका शब्दात आहे. वत्सादनी, म्हणजे वासरं जिला आवडीने खातात ती. कुंडली, म्हणजे वेटोळी घालत जाणारी. गुळवेलीला काकडी-कारल्यासारखे ताणे नसतात. आधार सापडला की अख्खं खोडच त्याला विळखे घालत वर जातं. आणि चक्रलक्षणा. हे नाव पटायला एक आडवा छेद पुरतो. कोयत्याने सपकन कापलेल्या खोडाच्या तोंडाशी मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत आऱ्या गेलेल्या दिसतात, अगदी बैलगाडीच्या चाकासारख्या. खरी गुळवेल ओळखायची ती एक खूण आहे आणि वाडीतली दहा-बारा वर्षांची पोरंसुद्धा ती दाखवून देतात.

शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पान हृदयाकृती आणि गुळगुळीत. तिची एक जवळची बहीण सह्याद्रीत सर्रास आढळते, टिनोस्पोरा सायनेन्सिस. तिची पानं मोठी आणि खालून मऊ लवेची. हात फिरवला की फरक कळतो. तिसरी टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि चीर दिली की दुधासारखा चीक येतो. गुळवेलीच्या खोडावरही बारीक पांढरट पुटकुळ्या असतात, त्यामुळे नवखा माणूस इथे फसतो. हा फरक पुढे मुंबईतल्या एका वादात कळीचा ठरला.

कोयता कुठे मारायचा

ऐन, साग, मोह, कुडा यांच्या विरळ जंगलातून वाट जाते. उन्हाळ्यात गुळवेलीची पानं झडतात आणि तेव्हा ती अनोळखी माणसाला दिसतच नाही. फांद्यांत नुसते वाळके दोर अडकल्यासारखे वाटतात. बारीक पिवळसर फुलंही याच निष्पर्ण दिवसांत येतात. तोडणीला मात्र हाच काळ चांगला मानतात, कारण पानांत खर्च होणारं सगळं तेव्हा खोडात साठलेलं असतं.

तोडण्याची रीत साधी आहे, पण ती पाळली तर वेल टिकते आणि नाही पाळली तर ती जागा रिकामी होते. जमिनीपासून हात-दीड हात खोड सोडायचं, त्याच्या वर कोयता मारायचा. करंगळीहून बारीक फांद्यांना हात लावायचा नाही. खालचा बुंधा पावसाळ्यात पुन्हा फुटतो. वर झाडाच्या शेंड्यात राहिलेला भागही लगेच मरत नाही. तो आपली दोऱ्यासारखी हवाई मुळं खाली सोडू लागतो. दहा-पंधरा हात उंचीवरून निघालेला असा धागा वाऱ्यावर हलत हलत मातीपर्यंत येतो, तिथे रुजतो आणि तोडलेल्या वेलीला दुसरा बुंधा मिळतो. वाटेतल्या एका शिरीषाखाली असे सात धागे लोंबत होते. त्यातले दोन जमिनीला टेकले होते. टेकलेले दोन्ही ताठ आणि जाड, बाकीचे अजून सुतासारखे.

गावात बाहेरून आलेल्या तोडणाऱ्यांना मात्र ही रीत ठाऊक नव्हती, किंवा थांबायला वेळ नव्हता. २०२० साली करोना आला आणि प्रतिकारशक्ती हा शब्द घरोघरी पोचला. ऑक्टोबरमध्ये आयुष मंत्रालयाच्या उपचार-नियमावलीत गुडूची घनवटीचा समावेश झाला. शहरांतून मागणी इतकी वाढली की रस्त्याकडेच्या झाडांवरच्या वेली लोकांनी ओरबाडून नेल्या. बुंध्यासकट उपटलेली वेल पुन्हा येत नाही. छिन्नरुहा झाली तरी तिला मातीत किंवा मातीच्या टप्प्यात काहीतरी शिल्लक लागतं.

त्याच वर्षांत शहापूरच्या कातकऱ्यांचं नाव मात्र चांगल्या कारणाने देशभर गेलं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैरापासून कात काढण्याचा त्यांचा जुना धंदा जंगलाचे कायदे आले तसा बसला आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, असं आयुष्य वाट्याला आलं. तालुक्यातल्या एका कातकरी तरुणाने दहा-बारा मित्रांना घेऊन स्थानिक बाजारात गुळवेल विकायला सुरुवात केली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या वनधन योजनेत त्यांचं केंद्र उभं राहिलं. या योजनेत साधारण वीस-वीस जणांचे पंधरा गट मिळून तीनशे जणांचं एक केंद्र होतं. वेल आणायची, धुवायची, कापायची, वाळवायची, दळायची आणि मग विकायची, म्हणजे कच्चा माल मातीमोल जात नाही. करोनाच्या काळात त्यांना मोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिकच्या मागण्या आल्या, असं आदिवासींच्या वनोपजाची विक्री पाहणाऱ्या ट्रायफेड या सरकारी संस्थेने जाहीर केलं.

आकडा मोठा आहे, पण तो एका माणसाच्या पाटीपर्यंत आणून पाहायला हवा. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमती वाढवल्या, तेव्हा गुळवेलीचा भाव किलोला २१ रुपयांवरून ४० रुपये झाला. हा भाव वाळलेल्या मालाचा. ओली गुळवेल वाळली की वजन पाचव्या हिश्शावर येतं. म्हणजे पाच किलो ओली वेल शोधायची, झाडावरून उतरवायची, डोक्यावरून वाडीत आणायची, बोटभर तुकडे करायचे, सावलीत आठवडाभर पालथे-उताणे करत वाळवायचे, तेव्हा चाळीस रुपये. दर ओल्या किलोमागे आठ रुपये पडले. शहरातल्या दुकानात गुळवेलीच्या चूर्णाची छोटी बाटली घेताना गिऱ्हाईकाने हा हिशेब एकदा मनात करावा.

कायद्याने या वेलीवरचा हक्क स्पष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार आदिवासींना दिला आहे, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. जिथे ग्रामसभा जागी आहे तिथे कोयता कुठे मारायचा हेही तीच ठरवते. गुळवेल टिकवायची तर याहून चांगली व्यवस्था सध्या दुसरी दिसत नाही.

ओंजळभर सत्त्व

वाडीतल्या दुसऱ्या घरी अंगणात सत्त्व काढायचं काम चाललं होतं. कोकणात आणि ठाणे-पालघरच्या पट्ट्यात जुन्या बायांना हे काम येतं, नव्या सुनांना बहुधा येत नाही. इथे सासूने सुनेला शेजारी बसवून घेतलं होतं.

ताजी, जाड खोडं आधी खळखळून धुतली. वरची कागदी साल हातानेच सोलून टाकली. बोटभर तुकडे करून ते उखळात इतके कुटले की नुसते धागे राहिले. मग मोठ्या पातेल्यात घालून चौपट पाणी ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सुनेने दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून ते धागे चोळायला घेतले. पाण्यावर हिरवट फेस आला. तासाभराने धागे पिळून बाजूला काढले, पाणी दुपदरी धडप्यातून गाळलं आणि पातेलं सावलीत ठेवून दिलं.

"आता हात लावायचा न्हाय," सासू म्हणाली. "हललं की गेलं."

दुपारपर्यंत पाणी निवळलं. सासूने पातेलं एका अंगाला इतकं हळू कलतं केलं की वरचं पाणी धार न मोडता वाहून गेलं. तळाशी खरवसासारखा एक थर राहिला, करड्या झाकेचा. त्यात पुन्हा स्वच्छ पाणी घालून ढवळलं, पुन्हा निवळू दिलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्या खेपेला थर पांढरा झाला. तो ताटात पसरून वाळवला की गुळवेलीचं सत्त्व तयार. दहा किलो ओल्या वेलीतून निघतं ते ओंजळभर. हातात घेतलं तर बोटांत करकरतं, आणि जिभेवर जवळजवळ बेचव, कारण कडवटपणा बराचसा पाण्यासोबत गेलेला असतो.

सत्त्व म्हणजे मुख्यतः वेलीतलं पिष्ट. त्यामुळेच यात भेसळ सोपी. आरारूट किंवा बटाट्याचं पिष्ट मिसळलं तर डोळ्यांना कळत नाही. आयोडीनचा थेंब टाकला तर दोन्ही निळी पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली दाण्यांचा आकार पाहिला तरच खरं-खोटं उघडं होतं. इतक्या मेहनतीचा पदार्थ बाजारात फार स्वस्त मिळत असेल तर तो घेऊ नये.

वैद्यांकडे गुळवेल अनेक रूपांत असते. ताप, वातरक्त, दाह यांवर तिचा काढा, जुन्या तापात अमृतारिष्ट, तिच्याच घनापासून केलेली संशमनी वटी. चरकाने बुद्धीला पोषक म्हणून जी चार रसायनं सांगितली त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि शंखपुष्पी यांच्यासोबत गुळवेल आहे. कडुनिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी, असं परंपरा मानते. वाडीत मात्र औषधाआधी भाजी आठवते. पहिल्या पावसानंतरची कोवळी पानं बारीक चिरून, मुगाची डाळ आणि लसूण घालून परतायची. कृषी विभाग ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या आसपास रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे करटोली, टाकळा, शेवळं यांच्या ओळीत गुळवेलीच्या पानांची जुडीही असते.

मुंबईतले सहा रुग्ण

या वेलीवर प्रेम असणाऱ्यांनी पुढची गोष्ट टाळू नये.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान होती. ते गुळवेल घेत होते. त्यातल्या एका महिलेचा मृत्यू झाला. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मोठा वाद उठला. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिची गाठाळ बहीण क्रिस्पा, असा प्रश्न विचारला. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात रुग्णांकडून मिळवलेल्या नमुन्यांचीही तपासणी झाली आणि संशोधक आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. या रुग्णांपैकी अनेकांची यकृतं आधीच दुखावलेली होती, काहींना ते माहीतही नव्हतं. आढळलेली इजा बरीचशी अशा प्रकारची होती, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते.

दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर सामान्य माणसाने काय करावं? जे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या गुळवेल देत आले, त्यांनी ती नाडी बघून, मात्रा ठरवून, ठराविक दिवसांपुरती दिली. २०२० मध्ये लोकांनी ती महिनोन्‌महिने, रोज, कुणालाही न विचारता घेतली. मोबाइलवर आलेला संदेश हा काही वैद्य नव्हे. यकृताचा जुना आजार, थायरॉइड, संधिवात किंवा स्वयंप्रतिकाराचा कुठलाही विकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊच नये. निरोगी माणसानेही ती रोजच्या चहासारखी पिऊ नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, जेवण नकोसं झालं, तर काढा त्याच क्षणी थांबवून तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांपासून काढ्याची गोष्ट लपवू नये. वाडीतली आजी काढा ताप आला तरच देते, तोही तीन दिवस. "बरं वाटलं की बंद," ती म्हणाली. त्या एका वाक्यात पुष्कळ शहाणपण आहे.

संत्र्याच्या बांधावरची नको असलेली पाहुणी

शहापुरात जिच्या शोधात लोक दिवसभर हिंडतात, तीच वेल काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात मुळासकट उपटायला सांगतात. कारण एक पतंग.

पावसाळा सरत येतो, आंबिया बहाराच्या संत्र्यांना रंग चढू लागतो, आणि दिवस मावळला की बागेत जाडजूड, भुरे पतंग उतरू लागतात. बॅटरीच्या झोतात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, पण ते उघडले की खालून झगझगीत नारिंगी पंख दिसतात, त्यावर काळे ठसे. बहुतेक फुलपाखरांची सोंड मऊ असते. या रसशोषक पतंगाची सोंड इतकी टणक की संत्र्याची साल तो थेट भोसकतो. सकाळी फळ वरून चांगलं दिसतं. हातात घेऊन हलकं दाबलं की सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून रसाची चिळकांडी उडते. त्या छिद्रातून बुरशी शिरते, भोवती डाग पसरतो आणि काही दिवसांत फळ गळून पडतं. डाळिंबाच्या बागांतही हाच उपद्रव.

फळ भोसकतो तो प्रौढ पतंग. त्याची अळी फळाला शिवत नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेल या एकाच कुळातल्या वेलींवर. काळपट अंगाची ही अळी पुढचा भाग वाकवून बसते आणि तिच्या अंगावरचे गोल ठिपके डोळ्यांसारखे वटारलेले दिसतात. म्हणून कृषी शास्त्रज्ञ बागायतदारांना सांगतात की बांधावरच्या, कुंपणावरच्या, जवळच्या नाल्यातल्या या वेली काढून टाका, संध्याकाळी बागेत ओलसर पाल्याचा धूर करा, गळलेली फळं गोळा करून पुरा. संत्र्यावर ज्याचं वर्षाचं पोट आहे त्याने हा सल्ला ऐकलाच पाहिजे. पण संपूर्ण शिवारातली गुळवेल संपवून भागणार नाही. पतंग रात्रीत दूरवरून येतो. बागेच्या आसपासची वेल काढावी आणि रानातली रानात राहू द्यावी, हीच रास्त वाटणी.

कुंपणावर लावायची तर

जंगलावरचा भार कमी करायचा असेल तर मागणीचा काही हिस्सा तरी लागवडीतून भागायला हवा, आणि लागवडीला याहून सोपी वेल नाही. बी रुजवण्याच्या फंदात पडू नये, त्याची उगवण बेभरवशाची. ज्येष्ठाच्या अखेरीस, पाऊस स्थिरावला की करंगळी-अंगठ्याच्या जाडीचं जून खोड घ्यावं. दोन-तीन पेरं येतील असे वीतभर तुकडे करावेत. तुकडा झाडावर असताना जी बाजू वर होती तीच वर ठेवावी, हे विसरू नये. निम्मा भाग मातीत, किंचित तिरका. महिना-दीड महिन्यात फूट चांगली धरते. पिशवीत लावला असेल तर तेव्हा जागेवर हलवावा.

आधार विचारपूर्वक निवडावा. कडुनिंब, करंज, जुनं चिंचेचं झाड, तारेचं मजबूत कुंपण, हे सगळं चालतं. लहान कलमी आंब्यावर किंवा चिकूवर मात्र चढवू नये. चार पावसाळ्यांत ती शेंड्यावर छत धरते आणि खालचं झाड उन्हाला मुकतं.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी. गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. एकाच वेलीचे तुकडे सगळ्या सोसायटीत वाटले तर सगळ्या वेली एकाच लिंगाच्या होतात. त्यात मादी असल्या तरी जवळपास नर नसेल तर हिवाळ्यात येणारी वाटाण्याएवढी लालभडक फळं तिथे कधीच दिसत नाहीत आणि बुलबुल तिकडे फिरकत नाहीत. म्हणून दोन वेगवेगळ्या जागच्या वेली मिळवाव्यात.

वाडीतून निघताना आजीने खुंटीवरचा तो तुकडा काढला, पान फुटलेला वरचा वीतभर भाग कापून हातात दिला आणि उरलेला पुन्हा टांगून ठेवला. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी येत्या पावसाळ्यात असा एक तुकडा जरूर लावावा. चूर्ण किंवा सत्त्व विकत घ्यायचंच असेल तर वनधन केंद्राचं किंवा आदिवासी बचतगटाचं घ्यावं, आणि घेण्याआधी आपल्या वैद्याला किंवा डॉक्टरला विचारावं. तुमची संत्र्याची, मोसंबीची किंवा डाळिंबाची बाग जवळ असेल, तर मात्र हा तुकडा दुसऱ्या कुणाला तरी द्यावा.